मेहकरचा संघ अमरावतीकडेच का जातो?

मेहकरहून जालना अमरावतीपेक्षा बरंच जवळ. तरीही मेहकरच्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत जालन्याशी खेळत नाही. कायद्याने बुलडाणा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात, तर जालना छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठात पाच जिल्हे येतात, म्हणून पार मेळघाटातलं धारणीही मेहकरच्याच गटात! या स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो. कुणाला गटात घ्यायचं, हा प्रश्नच उद्भवत नाही.

अमेरिकेत मात्र ही सोयरीक जुळवावी लागते. तिथली विद्यापीठं आपापल्या ‘कॉन्फरन्स’, म्हणजे स्पर्धेचे गट, बांधतात आणि नवा भिडू घेताना बरंच काही पारखतात: फुटबॉल संघ कसा आहे, मैदान केवढं, प्रवास किती, अभ्यासातलं नाव काय. पण पारडं झुकतं ते टीव्हीच्या पैशाकडे. २०१४ मध्ये ‘बिग टेन’ या कॉन्फरन्सने रटगर्स विद्यापीठाला घेतलं, त्यात न्यूयॉर्क परिसरातल्या प्रेक्षकांचा हिशेब मोठा होता. २०२४ मध्ये तर पॅसिफिक किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये गेलं. त्याच उलथापालथीत स्टॅनफर्डच्या जुन्या ‘पॅक-१२’ कॉन्फरन्समध्ये बारांपैकी दोनच विद्यापीठं उरली, मग त्यांनी बॉइझी स्टेटसारख्या विद्यापीठांना आवतण धाडलं.

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे हक्क विकत घ्यायला कुणी वाहिनी येत नाही. त्यामुळे नकाशा आहे तसाच राहतो, आणि मेहकरची पोरं पहाटेची एसटी धरतात.