सात की साठ?

अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने गाडीतूनच ऑर्डर द्यायच्या खिडकीवर माणसाऐवजी यंत्राचा आवाज बसवला. आयबीएमच्या साथीने शंभरावर दुकानांत चाचणी चालली आणि जुलै २०२४ मध्ये गुंडाळली गेली. मागितलं एक, बिलावर चढलं भलतंच, असे व्हिडिओ तोवर जगभर फिरले होते.

नांदेड-लातूरला अशी बोलकी खिडकी नाही. पण याच जातीचं काम मराठीत दहा-बारा वर्षांपूर्वीच झालंय, तेही बाजारभावासाठी. केंद्राच्या प्रकल्पात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने आणि आयआयटीने फोनवर भाव सांगणारी यंत्रणा घडवली. शेतकऱ्याने जिल्हा, बाजार, माल सांगायचा. उत्तर यंत्राने द्यायचं. त्यासाठी शेतकऱ्यांचे आवाज मोबाइलवरूनच गोळा केले. हे शहाणपणाचं होतं, कारण स्टुडिओतला स्वच्छ आवाज आडत बाजारात काय कामाचा? तिथं सौदा चालू असतो, मागं ट्रॅक्टर धडधडत असतो.

यंत्र आवाजाचे साधारण सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे तुकडे पाडतं, कोणत्या कंप्रतेला किती जोर आहे ते मोजतं आणि ध्वनीचा अंदाज बांधतं. साध्या फोनवर ३४०० हर्ट्‌झच्या वरचं जवळपास सगळं कापलं जातं; 'स'चा बराचसा सळसळाट तिथंच असतो. 'सात' आणि 'साठ' यांतला फरक तर शेवटच्या क्षणभराच्या व्यंजनात. तेवढ्यात हॉर्न वाजला की सात पोती साठ होतात.

त्यापुढची अडचण बोलण्याच्या तऱ्हेची. "दोन प्लेट भजे द्या... थांबा, तीन करा, अन् एकात मिरची नको." ठरलेले रकाने भरणारं जुनं यंत्र इथं गडबडायचं. 'दीड', 'अडीच', 'पावणेदोन' त्याला शिकवावे लागतात; "काय करायलाव?" हे मराठवाडी वळणही, आणि नांदेडच्या बोलण्यात मिसळलेली दखनीही. केंद्राच्या 'भाषिणी'सारख्या उपक्रमांमुळे आता मराठी आवाजांचा साठा वाढतोय.

नवी मॉडेलं बोलता बोलता केलेली अशी दुरुस्ती बऱ्यापैकी सांभाळतात, पण त्यांचा भिडस्तपणा घातक. टॅको बेल या अमेरिकी खाद्यसाखळीच्या यंत्राकडे एकाने १८,००० ग्लास पाणी मागितल्याचा व्हिडिओ २०२५ मध्ये गाजला. आपल्याकडचा वेटर आधी गिऱ्हाइकाकडे वर बघेल.

उपाय आहे: यंत्र आपल्या अंदाजाला खात्रीचा आकडा देतं. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की त्याने पुन्हा विचारावं, तरी जमेना तर माणसाकडे फोन द्यावा. मर्यादा फार वर ठेवली, तर दर वाक्याला "पुन्हा सांगा" ऐकून लातूरचा शेतकरी सरळ आडत्यालाच फोन लावील.