सायन्सला आहेस ना, ती वायर बघ जरा!

मे महिन्यातली दुपार. परभणीतली रूम रिकामी करून तुम्ही राणीसावरगावला घरी आलाय. बॅग खाली ठेवायच्या आत ऑर्डर सुटते, "सायन्सला आहेस ना? कूलरची वायर तुटलीय, बघ बरं." तुमचं सायन्स म्हणजे बॉटनी असलं तरी चालतं. मग तुम्ही काय करता? दातांनी वायर सोलता, दोन तारांना पीळ देता, वरून काळी टेप गुंडाळता. कूलर फिरायला लागतो. आई खूश, आपण इंजिनिअर!

गडबड त्या टेपखाली आहे. हातानं मारलेला पीळ घट्ट दिसतो, पण आत तारा मोजक्याच ठिकाणी टेकलेल्या असतात. करंट वाहिला की तांबं तापून प्रसरण पावतं, बंद केला की आकसतं. असं रोज होत होत पीळ ढिला पडतो. आपल्याकडच्या उन्हात टेपचा गोंदही पाघळतो. जोड ढिला झाला की तिथला रोध वाढतो. आता शाळेतलं फिजिक्स आठवा: करंटचा वर्ग गुणिले रोध. पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड 230 व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर घेतो. जोडाचा रोध अर्धा ओहम झाला, तर त्या बोटभर जागेत 21 वॅटची उष्णता तयार होते. मोबाइल रिपेअरिंगवाल्याचा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटच्या आसपास असतो आणि त्यावर धातू वितळतो. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण मात्र 70 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं.

"पण एमसीबी बसवलीय ना, पडेल की!" नाही पडणार. एमसीबी वाढलेला करंट ओळखते. ढिल्या जोडानं करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. वायर जळत असते आणि एमसीबीच्या हिशोबानं सगळं ओके असतं. (मास कम्युनिकेशनला असल्यामुळे हे मलाही उशिराच कळलं.)

अमेरिका-कॅनडात अशा जोडांसाठी 'वायर नट' वापरतात. प्लास्टिकची छोटी टोपी, आत शंकूच्या आकाराची स्प्रिंग. टोपी फिरवली की स्प्रिंग तारांना आवळून धरते. कॅनडातल्या विल्यम मार या इलेक्ट्रिकल कंत्राटदारानं 1914 साली सोल्डरिंगशिवाय तारा जोडणारा कनेक्टर बनवला. तिकडे आजही या टोपीला 'मॅरेट' म्हणतात. आपल्याकडे ही टोपी ऑनलाइन मिळते. दुकानात स्क्रूनं तार आवळायची कनेक्टरची पट्टी सहज मिळते, तीही चालते. टेपपेक्षा दोन्ही बऱ्या.

आधी एक सवय सोडा. "लाइट गेलीय तोवर उरकून घेऊ" हा आपल्या भागातला आवडता मुहूर्त. लाइट परत येताना तुम्हाला विचारून येत नाही. टेस्टर एका चालू पॉइंटवर पेटतो का ते बघा. मग मेन स्विच खाली करा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा आणि तोच टेस्टर प्रत्येक तारेला लावून खात्री करा. घरातल्या एकाला मेनजवळ उभं करा, नाहीतर कुणीतरी टीव्हीसाठी चालू करतंच.

टोपीच्या पाकिटावर किती जाडीच्या किती तारा चालतात आणि किती सोलायच्या हे लिहिलेलं असतं, तेवढंच सोला. दातांनी नाही, स्ट्रिपरनं. तांब्याचे धागे तुटले तर तिथंच वायर तापते. टोकं समान धरा, टोपी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं घट्ट होईपर्यंत फिरवा. मग प्रत्येक तार वेगळी ओढून बघा. एक जरी निसटली किंवा टोपीबाहेर उघडं तांबं दिसलं, तर पुन्हा करा. जोड बंद बॉक्समध्येच ठेवायचा, प्लास्टरमध्ये गाडायचा नाही. ॲल्युमिनियमची तार तांब्याला साध्या टोपीनं जोडू नका. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो आणि जोड पुन्हा तापू लागतो. मीटरकडून येणारी जाड वायर अनेकदा ॲल्युमिनियमचीच असते, तिला हातच लावू नका.

बल्ब, पंखा, स्विच बदलणं एवढं घरच्या घरी चालतं. नवीन वायरिंग किंवा वाढीव पॉइंट हे कायद्यानं परवानाधारक कंत्राटदाराचं काम. त्याला घरी बोलावलंत तरी टेप गुंडाळू देऊ नका, कनेक्टर मागा. "एवढं काय होतंय" असं ऐकावं लागेल, ऐकून घ्या.

आणि तो कूलर? त्याच्या वायरला टोपी लावायचीच नाही. ती वायर रोज ओढली जाते, पायात येते, खाली पाणी सांडलेलं असतं. तिथं अख्खी वायर बदलायची. दुकानदारानं दोन तारांची पुढे केली तर परत द्या. तीन तारांची घ्या, प्लगही तीन पिनचा घ्या. त्यातली हिरवी तार कूलरच्या पत्र्याला आवळायची आणि प्लगमध्ये मोठ्या पिनला.