ठिणगीची वेळ

मी कला शाखेचा विद्यार्थी. इंजिनाविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की गेल्या वर्षी दादाच्या एम-80 चा पिस्टन माझ्या हातून जळाला.

1986 साली बजाजने बाजारात आणलेली ही दोन-स्ट्रोक गाडी म्हणजे दूधवाल्यांचा उजवा हात. आता ती निघत नाही. पण आमच्या वाडीवरून पाटोद्याला दुधाचे दोन कॅन रोज तिच्यावरच येत. आईवडील ऊसतोडीला गेले की घर त्या दुधावर चाले.

एके दिवशी मॅग्नेटोतली वायर तुटली. पैसे वाचावेत म्हणून मीच कॉइलची प्लेट काढली, वायरीला डाख दिला, प्लेट परत बसवली. दुसऱ्या किकला गाडी चालू! मी फुशारलो. जोडणी चुकली तर गाडी चालूच होणार नाही, असा माझा समज होता. आपल्यापैकी पुष्कळांचा तो असेल, आणि तो साफ चुकीचा आहे.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेट घेतल्यावर पुरते जळायला थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोचण्याआधी, साधारण 20 अंश आधी, ठिणगी पाडतात. मिनिटाला 6000 फेऱ्या होत असतील तर हा अवधी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून किंचित जास्त! प्लेटवरची स्क्रूची भोके लांबट असतात. ती जराशी फिरली की ठिणगीची वेळ बदलते. मी तर खूण न करताच ती काढली होती. काही गाड्यांत पिकअप कॉइलच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तरी हाच घोटाळा होतो. ठिणगी पडते, पण भलत्या वेळी.

ती उशिरा पडली तर गाडी ओढत नाही आणि तापते. फार लवकर पडली तर मात्र घात. पिस्टन अजून वर चढत असताना आत आग पसरते, दाब वाढतो आणि उरलेले मिश्रण एकदम स्फोटासारखे पेटते. जळत्या वायूचे तापमान 2000 अंशांपलीकडे जाते, आणि अॅल्युमिनियम तर 660 अंशांनाच वितळते. मग एरवी पिस्टन टिकतो कसा? तो आपली उष्णता सिलिंडरला देत राहतो; शिवाय त्याच्या माथ्यालगत वायूचा एक पातळ, त्या मानाने थंड थर असतो. स्फोटाचे धक्के तो थरच उडवून लावतात.

चढावर गाडी खडखडते, हे दादाने मला सांगितले होते. मी म्हणालो, "पेट्रोलात भेसळ असंल, दादा." चौथ्या दिवशी ती चढावरच बंद पडली. मेकॅनिकने प्लग काढून दाखवला. पांढऱ्या चिनीमातीवर अॅल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते, आणि पिस्टनच्या माथ्याला भोक.

दादा काही बोलला नाही. पंधरा दिवस त्याने सायकलवर दूध नेले. तो रागावला असता तर बरे वाटले असते.

मेकॅनिकने मग मला शिकवले. प्लेट सोडवण्याआधी प्लेट आणि कव्हर या दोन्हींवर खिळ्याने एक सरळ रेघ ओढावी. वायरींचे रंग कागदावर लिहावेत. किक उलटी पायावर येऊ लागली तर गाडी चालू करण्याच्या नादी न लागता आधी वेळ तपासावी. माझ्या इतिहासाच्या वहीचे शेवटचे पान आता वायरींच्या रंगांनी भरले आहे.

नवा पिस्टन बसवला त्या दिवशी रेघ मीच ओढली. वेळ मात्र मेकॅनिककडून तपासून घेतली.