ई-मेलच्या सहीखाली कोणती लिंक द्यावी?

भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत आपले तरुण आज ई-मेल लिहितात ते मुख्यतः चार कामांसाठी : नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्ती किंवा फेलोशिपची चौकशी, जिल्हाधिकारी वा पोलीस अधीक्षकांना निवेदन, आणि वर्तमानपत्राला बातमी. मजकूर कसा लिहावा यावर आपल्याकडे शिबिरेही होतात. मजकुराखाली आपोआप उमटणाऱ्या सहीकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. ती कधीतरी एकदा भरलेली असते आणि मग प्रत्येक मेलबरोबर तीच जाते. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स, टेलिग्राम, व्हॉट्सॲप अशी रंगीत चिन्हांची रांग, वर पदांची यादी आणि त्याच्याही वर घोषणा.

या लिंक द्याव्यात की देऊ नयेत, असा प्रश्न कार्यकर्ते विचारतात. आमचे मत असे की द्याव्यात, पण एक किंवा फार तर दोन, आणि मेल कुणाला चालली आहे ते पाहून. निवेदनातला शब्द न् शब्द आपण तोलून लिहितो. लिंक मात्र वाचणाऱ्याला अशा जागी नेते जिथे आपण आठ वर्षांत काय काय टाकले, कुणी काय कमेंट केली, कुणी आपल्याला कशात टॅग केले, हे सगळे उघडे पडलेले असते. कामात बुडालेला कारकून ती लिंक उघडणारही नाही. पण तुमचे निवेदन बाजूला सारायला निमित्त शोधणारा माणूस ती नक्की उघडतो.

आधी एक साधी गोष्ट. सरकारी कार्यालयात गेलेली मेल बऱ्याचदा पडद्यावर राहत नाही. तिची प्रिंट निघते, आवक क्रमांक पडतो आणि ती नस्तीला लागते. पुढचे सगळे टेबल ती कागदावर वाचतात. कागदावर निळे 'एफ' चिन्ह दाबता येत नाही, 'आमचे पेज येथे पाहा' यातला 'येथे' कुठे आहे ते कळत नाही. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर तर ती चिन्हे शाईचे डाग दिसतात. शिवाय चिन्हे ही चित्रे असतात. अनेक ठिकाणी मेलमधली चित्रे आपोआप उघडत नाहीत, तिथे रिकामे चौकोन येतात, किंवा ती जोडपत्र म्हणून खाली लटकतात आणि खरे जोडपत्र कोणते हे शोधावे लागते. म्हणून निवेदनाच्या सहीत चित्र नको. फेसबुक : आणि पुढे पेजचे नाव, असे अक्षरांत लिहावे. त्या अक्षरांना लिंक जोडली तरी चालते. पडद्यावर ती दाबता येईल, कागदावर वाचता येईल.

त्याच कारणाने पूर्ण नाव, पद, गाव-तालुका-जिल्हा, मोबाइल नंबर हे आधी आणि लिंक सगळ्यांत शेवटी. उत्तर टपालाने येणार असेल तर पिन कोडही लागतो. आमच्या पाहण्यातल्या कित्येक सह्यांत पाच लिंक असतात आणि पोस्टाचा पत्ता नसतो. निवेदनाचे उत्तर फेसबुकवर येत नाही!

आता खरी जोखमीची जागा. अत्याचाराच्या प्रकरणात आपण पोलिसांना, समाजकल्याण विभागाला, आयोगाला मेल पाठवतो आणि सहीखाली संघटनेच्या पेजची लिंक असते. त्या पेजवर त्याच प्रकरणाची पोस्ट असते, आणि संतापाच्या भरात कुणीतरी पीडितेचे नाव, फोटो, घरासमोरचा व्हिडिओ टाकलेला असतो. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडित बालक असेल तर पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागते. म्हणजे न्याय मागणाऱ्या मेलखालीच आपण आपल्याविरुद्धचा पुरावा जोडून पाठवतो. त्याहून वाईट म्हणजे ज्या कुटुंबासाठी उभे राहिलो त्यांनाच उघड्यावर आणतो. अशा प्रकरणात मेल पाठवण्याआधी पेज वरपासून खालपर्यंत एकदा तपासा, नाव दिसेल ती पोस्ट काढा, कमेंटमध्ये कुणी लिहिले असेल तर तीही काढा. तेवढा वेळ नसेल तर त्या मेलमधून लिंकच काढा. निवेदन लिंकशिवायही तेवढेच वजनदार असते.

व्हॉट्सॲप ग्रुपची आमंत्रण लिंक सहीत कधीही नको. मेल पुढे पाठवली जाते, तिची प्रत कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो, आणि ती लिंक हाती लागलेला कुणीही ग्रुपमध्ये येऊ शकतो. आत येताच त्याला सगळ्या सदस्यांचे नंबर दिसतात, त्यात आपल्या उपासिका आहेत, शाळकरी मुले आहेत. आजवर कुणी अशी लिंक सहीत ठेवली असेल तर ॲडमिनने ग्रुपच्या माहितीत जाऊन लिंक रीसेट करावी, म्हणजे जुनी बंद पडते. मुलींनी, महिला कार्यकर्त्यांनी तर वैयक्तिक इन्स्टाग्राम आणि स्वतःचा नंबर संघटनेच्या मेलमध्ये देण्याची गरजच नाही. संघटनेचे खाते आणि संघटनेचा नंबर द्यावा. तसा नंबर नसेल तर एक सिमकार्ड घ्या. मंडपाच्या खर्चात ते कुठेही बसते.

मग लिंक द्यायचीच कशाला? कारण ती ओळख पटवते. आपल्या चळवळीत एकाच नावाच्या दोन-दोन संघटना आहेत, रिपब्लिकन नावापुढचे कंस तर महाराष्ट्राला पाठ आहेत. 'जिल्हाध्यक्ष' म्हणून सही करणारे एकाच जिल्ह्यात तिघे निघाले तर अधिकाऱ्याने किंवा पत्रकाराने कुणाचे खरे मानायचे? संघटनेचे अधिकृत पेज, त्यावर नोंदणी क्रमांक, कार्यकारिणीची नावे आणि केलेल्या कामाची नोंद असेल तर एक लिंक हा प्रश्न मिटवते. पण ते पेज एखाद्या पदाधिकाऱ्याच्या खासगी खात्यावर उभे असेल तर तो गट बदलतो त्या दिवशी पेजही जाते. किमान दोन-तीन जणांना ॲडमिन करून ठेवावे आणि कार्यकारिणी बदलली की तेही बदलावे. आपल्याकडे शिक्का आणि लेटरहेड हस्तांतरित होते, पासवर्ड होत नाही.

लिंक कामाची केव्हा होते याचे जवळचे उदाहरण देतो. कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. तेर हे प्राचीन तगर, तिथे स्तूपाचे अवशेष उत्खननात सापडले, तिथल्या सरकारी संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू आहेत. अशा एखाद्या स्थळाच्या जतनासाठी कुणी पुरातत्त्व विभागाला लिहिले आणि सहीखालच्या लिंकवर त्या जागेचे तारखेसह फोटो, जुन्या कागदांच्या प्रती, ग्रामसभेचा ठराव असे नीट लावलेले मिळाले, तर ती लिंक निवेदनाचाच भाग होते. तीच लिंक वाढदिवसाच्या बॅनरवर उघडली, तर निवेदनाचा जोर तिथेच ओसरतो. फेसबुक पेजवर एक पोस्ट सगळ्यांत वर पिन करता येते. कामाची पोस्ट तिथे ठेवा, बॅनर खाली जाऊ द्या.

नोकरीच्या अर्जाचा विचार वेगळा आहे, आणि तिथे आपल्या मुलांच्या मनात जो प्रश्न असतो तो उघडपणे बोललाच पाहिजे : प्रोफाइलवर 'जय भीम' आहे, अशोकचक्र आहे, चैत्यभूमीचे फोटो आहेत, ती लिंक द्यावी का?

ही भीती काल्पनिक नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त तो अभ्यास आला. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची तर एक-तृतीयांश. त्या अर्जांत कुठलीही सोशल मीडिया लिंक नव्हती. फक्त नाव होते.

यातून आम्ही दोन गोष्टी काढतो. एक, लिंक लपवून जात लपत नाही, त्यामुळे लपवण्याची कसरत करू नका. बाबासाहेबांचा फोटो काढून टाकून मिळालेली नोकरी टिकवण्यासाठी तो रोज काढून टाकावा लागतो. दोन, अर्जातली लिंक ही तुमच्या कामाची साक्ष असली पाहिजे. संगणकवाल्याने गिटहब द्यावे, छायाचित्रकाराने किंवा चित्रकाराने कामाचे इन्स्टाग्राम, बाकीच्यांनी लिंक्डइन. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याने क्षेत्रकार्याचे लेखन एका ठिकाणी ठेवून त्याची लिंक द्यावी. वैयक्तिक फेसबुक कुणीच देऊ नये, आपल्याने नाही आणि दुसऱ्यानेही नाही. ते नोकरी देणाऱ्याच्या कामाचे नसते. लिंक्डइनवर आंबेडकर जयंतीच्या व्याख्यानमालेचे आयोजन केल्याची नोंद असेल तर ती ठेवा. शंभर माणसांचा कार्यक्रम पार पाडणे हे कौशल्य आहे आणि ते लिहायला लाजायचे कारण नाही.

ज्यांना नोकरी लागली आहे, विशेषतः शासकीय, त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ होतेच. त्यावर राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल सूचना काढल्या आणि वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितले. आपले कितीतरी शिक्षक आणि ग्रामपंचायत अधिकारी दिवसा नोकरीत आणि संध्याकाळी विहारात असतात. त्यांनी कार्यालयीन मेलच्या सहीत स्वतःच्या कुठल्याही खात्याची लिंक ठेवू नये, आणि संघटनेच्या मेलखाली शासकीय पदनाम लिहू नये. चळवळीचे काम करू नका असे आम्ही म्हणत नाही. दोन सह्या एकत्र झाल्या की तक्रार करणाऱ्याचे काम सोपे होते, एवढेच.

दोन सह्या ठेवणे सोपे आहे. संगणकावर जीमेल उघडून सेटिंग्जच्या चक्रावर दाबा, 'सर्व सेटिंग्ज पहा' मध्ये जा, 'सामान्य' या भागात खाली 'स्वाक्षरी' सापडेल. तिथे एकाहून जास्त सह्या तयार करता येतात. एकीला 'अर्ज', दुसरीला 'संघटना', तिसरीला 'साधी' असे नाव द्या. मेल लिहिताना खालच्या पट्टीतल्या पेनाच्या चिन्हावरून हवी ती निवडता येते. आपोआप येणारी म्हणून 'साधी' ठेवा, त्यात फक्त नाव आणि नंबर. विसरलात तरी नुकसान होणार नाही. मोबाइलच्या ॲपमधली सही वेगळी भरावी लागते आणि ती साध्या अक्षरांचीच असते. आपले बहुतेक काम मोबाइलवरून चालते, म्हणून तीही आजच बघून घ्या.

लिंक घेताना 'शेअर' दाबून आलेली लांबलचक ओळ तशीच चिकटवू नका. इन्स्टाग्रामच्या लिंकमध्ये नावापुढे प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे अक्षरांचे शेपूट असते, ते माग ठेवण्यासाठी असते. प्रश्नचिन्हापासून पुढचे कापले तरी लिंक चालते. फेसबुकवर मात्र नावाऐवजी आकड्यांची लिंक असेल तर प्रश्नचिन्हापुढचाच भाग तुमची ओळख असतो. तो कापू नका, त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये जाऊन युजरनेम घ्या. लिंक्डइनवरही नावानंतरचे आकडे काढून सुटसुटीत पत्ता करता येतो. सही युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली सही दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांची ओळ होते.

आता नावांबद्दल. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. अनेक सह्यांत अजून उस्मानाबाद आहे, पेजच्या नावातही आहे. पत्त्यात आजचे शासकीय नाव लिहावे, नाहीतर नस्तीत घोळ होतो. पेजचे युजरनेम बदललेत तर सहीतली लिंकही बदला, कारण जुनी लिंक उघडेलच याची खात्री नसते.

आणि विद्यापीठाचे नाव. उपपरिसरात शिकणारी आपली मुले सहीत सर्रास 'बामु' लिहितात. १९७८ साली विधिमंडळाचा ठराव झाला, आणि नाव प्रत्यक्ष यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या वस्त्यांनी काय सोसले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. इन्स्टाग्रामच्या तीन लिंक काढल्या की 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, धाराशिव उपपरिसर' एवढी ओळ सहज बसते.

सही तयार झाली की एक मेल स्वतःलाच पाठवा, ती मोबाइलवर उघडून प्रत्येक लिंक दाबून बघा, आणि जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तिची काळी-पांढरी प्रिंट काढा. प्रिंटवर जे वाचता येत नाही ते सहीतून काढून टाका.