सीर्शा : स्वातंत्र्य नावाची मुलगी

आजचं नाव आयर्लंडचं आहे. रोमन लिपीत ते असं लिहितात : एस, ए, ओ, आय, आर, एस, ई. आपण सरळ 'साओइर्से' वाचून मोकळे होऊ. उच्चार मात्र आहे 'सीर्शा'.

यात गोंधळ काही नाही बरं का. आयरिश भाषेत व्यंजनाचा उच्चार शेजारचा स्वर ठरवतो. 'एस'च्या शेजारी ए, ओ, यू असेल तर 'स', आय किंवा ई असेल तर 'श'. मधल्या तीन स्वरांचा मिळून 'ई'. काही जण 'सर्शा' म्हणतात. अभिनेत्री सर्शा रोनन स्वतःचं नाव तसंच उच्चारते.

अर्थ? स्वातंत्र्य. 'सीर' म्हणजे मुक्त, त्याच्या उलट 'दीर', म्हणजे बांधलेला. जुन्या आयरिश कायद्यात सरदाराच्या आश्रितांचे असेच दोन वर्ग होते. आणि गंमत बघा, ही जोडी आपल्या 'सु' आणि 'दुः' यांच्या नात्यातली. भाषाशास्त्रज्ञ 'सीर'ची फोड 'सु' अधिक 'वीर', म्हणजे पुरुष, अशीच करतात.

पण हे नाव जुनं नाही. ब्रिजिड ही संत, मीव ही दंतकथेतली राणी. सीर्शा नावाची ना संत, ना राणी. 1916 मध्ये डब्लिनला उठाव झाला, पुढे युद्ध झालं, 1922 मध्ये आयरिश मुक्त राज्य आलं. त्याच्या आयरिश नावातही हाच 'सीर' होता. 1920च्या दशकापासून लोक मुलींना हे नाव देऊ लागले.

तोवर बहुतेक घरांतून आयरिश भाषा गेलेली होती. 1845 नंतरच्या दुष्काळात सर्वाधिक होरपळले ते आयरिश बोलणारे गरीबच. त्यामुळे इंग्रजी बोलणारं घर मुलीला हाक मारताना तरी गेलेल्या भाषेतला एक शब्द उच्चारत होतं.

याचं ओझंही होतं. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडेच राहिलं. तिथे असं नाव ऐकलं की मुलगी तोंड उघडायच्या आत घरच्यांचं राजकारण लोक ताडत. आपल्याकडे 'मुक्ता' आहे, पण तिच्या नावाशी मुक्ताबाईंची अध्यात्मातली मुक्ती जोडलेली. सीर्शाची मुक्ती देशाची.

आज अनेक आईबाप केवळ गोड वाटतं म्हणूनही हे नाव ठेवतात. तेव्हा कुणी सीर्शा भेटलीच, तर उच्चार आधी तिलाच विचारा.