गृहांतर्गत हवा

घर, शाळा, कार्यालय यांसारख्या बंदिस्त जागेतील, श्वसनास उपलब्ध असणारी हवा. तिची प्रत आतील ज्वलन, माणसांची संख्या, वायुवीजन (हवा खेळती राहण्याची व्यवस्था) व बाहेरील हवा यांवर अवलंबून असते.

बाहेरील हवेत कार्बन डाय-ऑक्साइड सु. ०·०४ टक्के, तर उच्छ्वासात सु. ४ टक्के असतो. त्यामुळे दारे-खिडक्या लावलेल्या भरगच्च खोलीत त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. माक्स फोन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञांनी १८५८ मध्ये ०·१ टक्का ही मर्यादा सुचविली. या प्रमाणात हा वायू विषारी नसून केवळ कोंदटपणाचा निदर्शक होय. या मर्यादेलगतही निर्णयक्षमता मंदावते, असे २०१२ मधील अमेरिकन प्रयोगांत आढळले. नंतरच्या काही प्रयोगांत तसे दिसले नाही. वर्गात विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होण्यास उष्मा व आर्द्रताही तितकीच कारणीभूत असते.

याहून घातक म्हणजे २·५ मायक्रोमीटरपर्यंत व्यासाचे सूक्ष्म कण. ते फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि दमा, श्वासनलिकादाह व हृदयविकार बळावतात. चुलीचा धूर, फोडणी, उदबत्ती ही त्यांची नित्याची उगमस्थाने होत. डासांसाठी जाळावयाच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ मधील एका अभ्यासात दिसून आले.

खिडक्या उघडणे हा यावरील सर्वमान्य उपाय. परंतु बाहेरील हवा स्वच्छ असेल तरच तो उपयोगी पडतो. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे कल्याणजवळील युद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांना वसवून १९४९ मध्ये उदयास आले. पुढे तेथे घरे व छोटे कारखाने दाटीने उभे राहिले. अंबरनाथ व बदलापूर येथेही रासायनिक उद्योगांलगत वस्ती वाढली. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांच्या वाफांमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरातील एका कारखान्यातून वायुगळती होऊन परिसरातील लोकांना श्वसनाचा त्रास झाला.

अशा वेळी नेहमीचा नियम उलटा होतो. दारे-खिडक्या लावून फटींत ओली फडकी बसवावीत. स्वयंपाकघरातील निष्कासक पंखाही बंद ठेवावा. कारण तो जितकी हवा बाहेर टाकतो, तितकीच बाहेरची हवा फटींतून आत येते. बाहेरील वायू विरल्यावर मात्र खिडक्या त्वरित उघडाव्यात, कारण तोवर आत झिरपलेला वायू बंद घरात अधिक काळ टिकून राहतो.