४२ अंश, दही आणि काकडी

चंद्रपूर-गडचिरोलीत उन्हाळ्यात दही लावायला फारसं कसब लागत नाही. ते वेळेवर आवरायला लागतं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे सरकला की घरातली सावलीसुद्धा चाळिशीला टेकते. सकाळी विरजण लावलेला दुधाचा गंज जेवणाच्या वेळेपर्यंत घट्ट होतो आणि चहाच्या वेळेपर्यंत आंबट. डिसेंबरात नेमकं उलट. रात्रभर घोंगडीत गुंडाळून ठेवलं तरी दही पातळच राहतं.

या उन्हाळ्याचा फायदा घेऊन घरी करण्याजोगा एक पदार्थ म्हणजे ग्रीसमधली त्झात्झिकी. घट्ट दही, पिळून काढलेली काकडी, लसूण, शेपू किंवा पुदिना आणि वर तेल. दही-काकडीचा हा संसार जगात पुष्कळ ठिकाणी आहे. तुर्कस्तानात तो पातळ करून पितात, इराणात सुका पुदिना पेरतात, बल्गेरियात अक्रोड घालून गार सूप करतात, आणि आपल्या सिरोंचा-अहेरीकडच्या तेलुगू घरांत त्याला मोहरी-मिरचीची फोडणी बसते. ग्रीकांची रीत या सगळ्यांहून वेगळी पडते ती पाण्याच्या बाबतीत. दह्यातलं पाणी काढायचं, काकडीतलंही काढायचं, आणि मगच दोघांची गाठ घालायची. आपली कोशिंबीर पाच मिनिटांत ताटभर पसरते ती नेमकं हेच राहिल्यामुळे.

त्यासाठी दुकानातलं ‘ग्रीक योगर्ट’ आणायची गरज नाही. इंग्लंडमध्ये तर हे नाव कोणी वापरावं यावरून खटला झाला. ग्रीसमधल्या फाये कंपनीने अमेरिकेच्या चोबानीविरुद्ध तो २०१३ साली जिंकला आणि २०१४मध्ये अपिलातही निकाल तोच राहिला: ग्रीसबाहेर केलेलं दही तिथे ‘ग्रीक’ म्हणून विकता येत नाही. आपल्याला नावाशी कर्तव्य नाही. श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्या घराला ही विद्या पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे.

योगर्टचे जिवाणू मात्र जरा वेगळे. त्यांतला एक, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५मध्ये जिनिव्हात ओळखला. हे जिवाणू ४० ते ४५ अंशांत खुलतात, म्हणून थंड देशांत त्यांच्यासाठी ऊब राखणारी यंत्रं लागतात. आपल्या घरच्या विरजणातले बरेचसे जिवाणू तिशीच्या आसपास सुखात असतात. पण घरोघरचं विरजण हा मिश्र मेळा असतो, आणि विदर्भातल्या उन्हात त्यातले उष्णतेला सोसणारे पुढे येतात. मेमधल्या दुपारी दही चार तासांत लागतं ते त्यामुळेच.

एक लिटर म्हशीचं दूध उकळू द्या आणि मंद आचेवर आणखी पाच-सात मिनिटं राहू द्या. या आचेने दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दही दाट लागतं. बोट सोसेल इतकं कोमट झालं की चमचाभर विरजण घालून ढवळा. लागलेलं दही मलमलच्या फडक्यात बांधून टांगा. श्रीखंडाला रात्रभर लागतं; इथे तीन तास पुरे. दही वजनाने साधारण निम्मं झालं आणि चमच्यावरून पटकन ओघळेना की थांबायचं. पूर्ण चक्का झाला तर काकडीशी तो मिळून येत नाही, गोळ्यागोळ्यांनी राहतो. उन्हाळ्यात बाहेर खुंटीला टांगू नका. चाळणीत फडकं ठेवून चाळणी गंजावर बसवा आणि सगळं फ्रीजमध्ये सरकवा. फ्रीज नसेल तर माठाखालच्या ओल्या रेतीत भांडं रोवून भोवती ओलं फडकं गुंडाळा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तेवढ्यानेही बराच गारवा येतो.

दूधदुभतं मात्र या दोन्ही जिल्ह्यांत सगळीकडे सारखं नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात गोठा आहे, गावोगावी गोवारी आणि गवळी आहेत. पण भामरागडकडच्या माडिया समाजात गाईचं दूध काढायची रीतच पूर्वापार नव्हती. दूध वासराचं, हा त्यामागचा विचार. मला तो मोठा वाटतो. तिथल्या जेवणात आंबटपणा येतो तो चिंच, अंबाडी आणि लाल मुंग्यांच्या चटणीतून. काकडी असते ती पावसाळ्यात घरामागच्या वाडीत, मक्याच्या आधाराने चढलेली, आणि तिला मीठ-मिरची पुरते.

उन्हाळ्याच्या काकडीची गोष्ट नदीची आहे. दिवाळीनंतर वैनगंगेचं पाणी उतरलं की ढिवर कुटुंबं उघड्या पडलेल्या रेतीत डांगरवाडी लावतात. ओल लागेपर्यंत रेती उकरायची, खड्ड्यात शेणखत टाकायचं आणि त्यात डांगर, टरबूज, काकडीचं बी लावायचं. वरची रेती तापून भाजत असते, मुळं मात्र खालच्या ओलीत. रेतीचा उपसा वाढला की ही शेतीच उरत नाही, आणि त्याची झळ आधी त्या कुटुंबांना व मग आपल्या ताटाला लागते. बाजारात डांगरवाडीची काकडी दिसली तर तीच घ्या.

काकडी आधी चाखायची. वेलाला पाण्याचा ताण पडला की कडू द्रव्य वाढतं आणि ते देठाकडे जास्त असतं, म्हणून देठाकडून चांगला बोटभर तुकडा काढून टाकावा. उरलेलीही कडूजहर लागली तर फेकून द्यावी; तो कडवटपणा पोटाला बाधतो. दोन काकड्या सोलून, बिया जून असतील तर काढून, जाडसर किसायच्या. अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवायच्या. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असतं आणि मीठ ते बाहेर ओढतं. मग कीस मुठीत घेऊन पिळायचा. पहिल्यांदा हिरवट धार लागते, मग थेंब, मग मूठ आवळूनही काही पडत नाही. तिथवर पिळायचं. वाडगाभर किसाचा मूठभर ऐवज उरला की काम झालं.

आता दह्यात दोन पाकळ्या गावठी लसूण मिठाबरोबर ठेचून घाला, अर्ध्या लिंबाचा रस आणि बारीक चिरलेला कोवळा शेपू. शेपूच्या भाजीला नाक मुरडणारेही इथे तो आवडीने खातात. सांभार (कोथिंबीर) नको, तो लसणापुढे टिकत नाही. काकडी सगळ्यात शेवटी. मीठ चाखूनच, कारण किसात ते आहेच.

तेल ग्रीसमध्ये ऑलिव्हचं. झाडीपट्टीत धानाच्या बांधीत उतेऱ्याचा जवस पेरायची जुनी पद्धत आहे, आणि घाणीच्या ताज्या जवसाच्या तेलाचा चमचाभर शिडकावा या दह्यावर माझ्या मते ऑलिव्हपेक्षा उजवा लागतो. मात्र तेल ताजंच हवं. जवसाचं तेल फार लवकर खवट होतं.

ग्रीक लोक हे तळलेल्या वांग्याबरोबर खातात, तेव्हा आपल्या वांग्याच्या कापांबरोबर ते शोभेलच. ते तळलेल्या माशांबरोबरही घेतात. दही आणि मासे एका पानात न वाढणाऱ्या घरांनी तांदळाची भाकर घ्यावी. करून झाल्यावर तासभर गार ठेवलं तर लसूण मुरतो. फ्रीजमध्ये दोन दिवस चालतं, दुसऱ्या दिवशी लसूण अंमळ जोर धरतो. दह्याचं निथळलेलं पाणी टाकू नका: कढीला किंवा भाकरीचं पीठ मळायला ते घ्या. काकडीचं खारट पाणी ताकात जातं, तेव्हा ताकाला वेगळं मीठ घालू नका.